हळू चालणाऱ्या अक्षरांचा उन्हाळा

परीक्षेचे दिवस आले की मलकापुरात आधी वास बदलतो. जिनिंगमधली सरकी संपत आलेली असते, तिचा तेलकट वास विरतो आणि कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा कडवट-गोड वास गल्ल्यांमधून फिरू लागतो. रस्त्याच्या कडेला अडकलेले कापसाचे पुंजके उन्हाने पिवळे पडतात. आमच्या कॉलेजच्या फाटकाशी पोरं-पोरी पॅड छातीशी धरून उभी असतात. ओठ हलत असतात, नजर कुठेच नसते. मी संगणक कक्षाचं कुलूप काढते, पंखे लावते आणि एकेक यंत्र सुरू करत जाते. कितीतरी वर्षं हेच करते आहे.

यंदा कक्षात नवी यंत्रं आली. ती बसवायला आलेला तरुण कामाला चोख होता, बोलायला गोड. माझे सरावाचे जुने प्रोग्रॅम त्याने एकेक करून उघडून पाहिले. पडद्यावर दरवेळी तेच वाक्य आलं, हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही. तो म्हणाला, "मॅडम, प्रोसेसरची पिढीच बदलली. हे खूप जुनं आहे. सोडून द्या."

"नाही सोडत," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी गंमत करते आहे. तो हसला. मला हसू आलं नाही. 'सोडून द्या' हे शब्द ऐकले की मला आमचं रेल्वे क्वार्टर आठवतं, रुळांवरच्या डांबरी तेलाचा वास आठवतो, आणि आठवते ताई. मान जराशी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्याकडे पाहत बसलेली.

माझी बहीण सुनंदा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दहावीत असताना तिच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग उमटला आणि तो वाढत गेला. कडेचं सगळं दिसायचं. दारातली माणसं, तारेवरचे कावळे, लांबून येणारी गाडी. पण जिथे नजर रोखावी तिथेच धुकं. म्हणून कोणाचा चेहरा पाहायचा तर ती त्याच्या खांद्याकडे बघायची. शेजारपाजारच्या बायांना वाटायचं, पोरगी गर्वाची झाली, नजर देत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याने हे जाणार नाही, मात्र पूर्ण आंधळीही होणार नाही. मोठं अक्षर असेल तर वाचेल. आता तळहाताएवढ्या अक्षरात छापलेलं इतिहासाचं पुस्तक कोणत्या दुकानात मिळतं?

तरी तिने बी.ए.ला नाव घातलं. मी वाचून दाखवायचे, ती ऐकायची. पण ऐकून तिचं समाधान होत नसे. "शोभी, तू वाचतं तवा तुह्या मनानं वाचतं," ती म्हणायची. "जिथी तू थांबतं, तिथी मले थांबायचं नसते. अन् जिथी मले थांबायचं असते, तिथून तू पुढं गेली राह्यतं."

मी तेव्हा खामगावला संगणकाचा डिप्लोमा करत होते. बाबा रेल्वेत गँगमन, त्यामुळे पास होता. जलंबला गाडी बदलायची, खिडकीत बसून पास्कल या प्रोग्रॅमच्या भाषेचं पुस्तक वाचायचं. घरात संगणक आला तो इस्माईलभाईंच्या दुकानातून. कापसाच्या एका अडतीच्या पेढीने नवा घेतला, तेव्हा त्यांचा जुना इस्माईलभाईंकडे आला होता. थ्री-एट्टी-सिक्स म्हणायचे त्याला. चालू झाला की सायकलच्या डायनामोसारखा घरघरायचा, आणि मेल गाडी धडधडत गेली की त्याचा पडदा आमच्या भिंतींसोबत थरथरायचा.

त्याच्यावर मी ताईसाठी प्रोग्रॅम लिहिला. आलेखाच्या कागदावर एकेक चौकट काळी करत मी सगळी बाराखडी काढली. मग ती आकड्यांत उतरवली. मी पुस्तकातला मजकूर टाइप करायचा, आणि पडद्यावर वीतभर उंचीची अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत जायची. संथ, एकसारखी, रुळावरच्या ढकलगाडीसारखी. ताईने एका जागी नजर कोपऱ्यात धरून बसायचं, अक्षरं आपणहून तिच्यापुढून जायची.

पहिल्यांदा चालवला त्या सकाळी तिने मान वळवून अख्खं पान वाचलं. मग म्हणाली, "तुह्या ष चं पोट फुटेल दिसून नाही राह्यलं. नीट कर."

मी ष चं पोट नीट फोडलं. जोडाक्षरांनी आठवडेच्या आठवडे खाल्ले. ताई म्हणेल तिथे बदल करत गेले. सरकण्याचा वेगही तिनेच ठरवला. अजून हळू, अजून थोडं, हां, आता राहू दे. त्या हिवाळ्यात सकाळी मी गाडीला निघण्याआधी पुढचा धडा टाइप करून ठेवायचे. माय चुलीत कापसाची वाळलेली पऱ्हाटी सारायची, आणि ताई त्या घरघरणाऱ्या पेटीपुढे बसून स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या मनाने वाचायची.

मार्च लागला. परीक्षा तोंडावर आली. आणि एका दुपारी बाबा हातगाडीवर खोकी घेऊन घरी आले.

बाबा कमी बोलायचे. उन्हातान्हात रूळ ठोकून आलेला माणूस, घरी आला की माठातलं पाणी पिऊन दारात बसायचा. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा वेगळाच होता. त्यांनी स्वतः खोकी उघडली, थर्माकोल बाजूला केला. कोरा करकरीत संगणक. इस्माईलभाईंना सांगून त्यांनी मागवला होता, जुना बदल्यात दिला होता, तोही आम्ही घरात नसताना.

"हे घ्या," बाबा म्हणाले. "सगळ्यात नवं हाय. जुन्याच्या कितीक पट पयते म्हने."

मी फ्लॉपी घातली. प्रोग्रॅम सुरू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. शून्याने भागाकार, चूक. आणि बंद. पुन्हा केला, पुन्हा तेच. माझ्या प्रोग्रॅममध्ये भागाकार नव्हताच कुठे.

त्याचं कारण मला पुढे बऱ्याच काळाने समजलं. पास्कलमध्ये 'थोडं थांब' सांगायची एक तयार आज्ञा होती. अक्षरं संथ सरकावीत म्हणून मी तीच वापरली होती. किती थांबायचं हे कळावं म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच यंत्राचा वेग मोजून घ्यायचा. ज्यांनी ती आज्ञा घडवली त्यांना एवढं वेगवान यंत्र येईल असं वाटलंच नसावं. नव्या प्रोसेसरवर त्या मोजणीतल्या भागाकाराच्या उत्तराचा आकडा इतका मोठा यायचा की त्याच्यासाठी राखलेल्या जागेत तो मावायचा नाही, यंत्र त्यालाही शून्याने भागाकारच म्हणायचं, आणि प्रोग्रॅम जन्मतःच मरायचा. यावर इलाजही निघाला होता म्हणे, पण तेव्हा तो मलकापुरात कोणाच्या गावीही नव्हता. ती आज्ञा काढून मी नुसती रिकामी मोजणी घालून पाहिली. तर अक्षरं गोफणीतून सुटल्यासारखी जायची, मधेच अडखळायची, पुन्हा सुटायची. ताईने दोन दिवस प्रयत्न केला. डोकं धरून उठली.

आज कक्षात बसून मी पिढ्या बदलण्याचा विचार करते तेव्हा मला हेच खटकतं. नवं यंत्र जुन्याचं ऐकत नाही आणि सगळे जुन्यालाच दोष देतात. पण वाचणारीने सांगितलेला वेग त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होता. एका माणसाची बसण्याची, बघण्याची रीत होती. ती पुढच्या पिढीत नेण्याची जबाबदारी नव्या यंत्राने घ्यायची की नाही? यंत्र बनवणारे म्हणतात, आम्ही पुढे चाललो, तुम्ही मागे राहिलात. आम्ही कुठे मागे राहिलो होतो? आम्ही तर रोज सकाळी एक धडा पुढे जात होतो.

ताई म्हणाली, "बाबा, आपला जुना परत आनू."

बाबा पाणी पीत होते. त्यांनी गडवा खाली ठेवला. "काऊन?"

"याच्यावर शोभीचं चालत नाही."

"मंग शोभी दुसरं लिहीन. शिकून राह्यली ना."

"पेपर आला बाबा. आता ती दुसरं कवा लिहीन, अन् मी कवा वाचीन?"

बाबा उठले, दारापर्यंत गेले, परत आले. मग जे बोलले ते आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मी लोकाईनं उतरेल कपडे घालून शाळेत गेलो. फाटेल पुस्तकं वापरली. तुमाले पण आजवर जुनंच देलं. पयल्यांदा घरात कोरं काही आनलं, तं ते परत करू? दुकानदाराले काय सांगू, आमाले जुनंच सोभते म्हनून?"

मायने चुलीतली पऱ्हाटी मागे ओढली. मला तर रडूच आलं. बाबांचं चुकत नव्हतं. आयुष्यभर ज्याला उरलेलं, उतरलेलं मिळालं त्याने एक दिवस 'आता नाही' म्हणणं, हे केवढं मोठं होतं ते मला तेव्हाही कळत होतं.

ताई त्यांच्या खांद्याकडे पाहत होती. म्हणजे त्यांच्या चेहऱ्याकडे. ती म्हणाली, "बाबा, पेटी जुनी हाय. पन तिच्यात जे चालते ते कोनाचं उतरेल नाही. ते शोभीनं माह्यासाठी लिहेल हाय. माह्या आधी जगात कोनीच ते वापरेल नाही. त्याच्याहून कोरं काय असते?"

बाबा दाराकडे वळले. चप्पल घालून ड्यूटीवर गेले.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी इस्माईलभाईंच्या दुकानात गेलो. आमची पेटी उघडून ठेवलेली होती, झाकण एका बाजूला, तारा बाहेर. "बेटी, हे आता भंगार हाय," ते म्हणाले. "पार्ट काढून इकायले ठेवलं. नवं देलं ना तुमच्या अब्बाले, एकदम उमदा माल."

"भाई, मशीन नवी झाली म्हनून माहे डोळे नवे नाही झाले," ताई म्हणाली. "माह्यावर मेहरबानी नका करू. ज्या भावात बदलून देलं, त्याच भावात उलटं बदलून द्या."

इस्माईलभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. प्रोग्रॅम काय आहे ते त्यांनी मला विचारलं. मी तिथेच पेटी जोडून घेतली, झाकणाशिवायच, आणि फ्लॉपी घातली. दुकानात वीतभर अक्षरं सरकू लागली. त्यांनी पूर्ण ओळ जाऊ दिली. मग पोत्याखालून एक स्क्रूड्रायव्हर काढला आणि बोलत बोलत झाकण बसवायला लागले. "नवी आनून द्या, ही घेऊन जा. बिघडली तं आना. पार्ट जमा करून ठेवतो मी."

आता परीक्षा. ताईने अर्ज दिला की प्रश्नपत्रिका मला या यंत्रावर वाचू द्या. परीक्षा केंद्र सांभाळणारे सर सज्जन होते, पण त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "लेखनिक घ्या ना. तो प्रश्न वाचून दाखवेल, उत्तरंही लिहील."

"उत्तरं मी लिहीन सर. मोठ्या अक्षरात लिहीन, पुरवण्या जास्त द्या. अन् प्रश्न पन मीच वाचीन."

"असं नियमात नाही."

"नियमात नाही म्हंजे मनाई हाय, असं कुठं लिहेल हाय?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बरं, कॉलेजात आता नवीन यंत्रं आहेत. त्यावर चालवा."

मी सांगितलं, नव्यावर चालत नाही. तर त्यांना ते पटेना. "जुन्यावर चालतं आणि नव्यावर नाही, असं कसं होईल? आणि उद्या प्रत्येक जण आपापलं यंत्र घेऊन यायला लागला तर?"

"येऊ द्या," ताई म्हणाली. "ज्याले लागन तो आनन."

आम्ही तीनदा गेलो त्यांच्याकडे. तिसऱ्या वेळी त्यांनी वरच्यांना फोन लावला. पलीकडून कोणी म्हणालं, तुमच्या अखत्यारीत ठरवा. सरांनी फोन ठेवला आणि ठरवलं. यंत्र वेगळ्या खोलीत राहील, प्रश्न कॉलेजातल्या एक मॅडम टाइप करतील, मी मात्र फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. त्या मॅडमना मी कळफलकावरची माझी अक्षरं दाखवली. त्यांनी दोन दिवस घरच्या कामातून वेळ काढून सराव केला. एवढं कोणी कोणासाठी करतं का, असं मला वाटायचं. आता वाटतं, करतात. मागणारा मागे हटला नाही तर करतात.

पेटी न्यायची होती त्या सकाळी मी हातगाडी शोधायला निघाले, तर बाबा दारात उभे. ड्यूटीच्या निळ्या कपड्यांत, सोबत गँगमधले दोघे. कितीतरी दिवस ते माझ्याशी आणि ताईशी कामापुरतंच बोलत होते. त्यांनी मॉनिटर गोधडीत गुंडाळला आणि खांद्यावर घेतला. दोघांनी पेटी आणि कळफलक धरला. क्वार्टरमधून निघून, रेल्वेचं फाटक ओलांडून, बाजारातून ते तिघे पुढे आणि आम्ही दोघी मागे. ऊन चढत होतं. पानाच्या टपरीवरून कोणी विचारलं, "काय जी इंगळे, भंगारात चालले का?"

बाबा थांबले नाहीत. "पेपरले," म्हणाले.

मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसले. फुलं केसांत पडत होती. ताई बाहेर आली तेव्हा तिची बोटं शाईने निळी झाली होती. "एका जागी मॅडमचा काना राहून गेला," ती म्हणाली. "पन कळलं मले."

सगळे पेपर तिने असेच दिले. ती पास झाली. पुढे बी.एड. केलं, आणि आज रोहिणखेडच्या बाजूला एका शाळेत इतिहास शिकवते. फळ्यावर एवढं मोठं लिहिते की एका वेळी चारच शब्द मावतात. पोरं म्हणतात, इंगळे मॅडमचं शेवटच्या बाकावरून पण दिसते. आता तिचा फोन अक्षरं मोठी करतो, वाचूनही दाखवतो. तो मध्येच कधी अद्ययावत होतो आणि तिची सवय मोडतो, तेव्हा ती मला फोन करून त्या कंपनीवाल्यांचा उद्धार करते आणि लेखी तक्रार करायला लावते. उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा.

आणि मी? नव्या यंत्राच्या पोटात जुन्या प्रोसेसरचं हुबेहूब काम करणारा एक प्रोग्रॅम मिळतो. तो मी या आठवड्यात कक्षातल्या सगळ्या यंत्रांवर बसवला. माझे सरावाचे प्रोग्रॅम पुन्हा चालू झाले. तो तरुण पाहायला आला होता. म्हणाला, "कशाला एवढी खटपट, मॅडम?" मी म्हटलं, "चालतंय ना?" तो खुर्ची ओढून बसला आणि कसं केलं ते विचारू लागला.

पण मला सांगायचं आहे ते त्या उन्हाळ्याच्या शेवटाचं. शेवटचा पेपर झाला, पेटी घरी आली. मायने अंगणात खाटेवर कुरडया घातल्या होत्या. बाबा आंघोळ करून आले आणि कधी नव्हे ते संगणकासमोर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "याच्यावर नाव येते काय?"

"कोनाचं बाबा?"

ते पडद्याकडेच पाहत होते. "माहं."

मी टाइप केलं. पडद्याच्या उजव्या कडेने कि आला, मग स, मग न. किसन सखाराम इंगळे. वीतभर अक्षरं एकामागून एक समोरून गेली. पडदा रिकामा झाला तरी बाबा हलले नाहीत. हजेरीपटाच्या बारीक रकान्यात ज्याचं नाव वर्षानुवर्षं कोंबलेलं, तो माणूस नुसता बसून होता.

"नव्यावर असंच गेलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. पळालं असतं."

"मंग राहू दे हे," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पुन्हा लाव."

दुसऱ्या दिवशी सुट्टीवर असलेले त्यांचे सोबती आले. पुढच्या सुट्टीला आणखी काही जण आले, बायका-पोरांना घेऊन. आमच्या दोन खोल्यांत माणसं मावेनात. माय पाण्याचा माठ दारात ठेवून मोकळी झाली. एकेक जण खाली बसायचा, आपलं पूर्ण नाव सांगायचा, बापाचं नाव सांगताना जरा थांबायचा. मी टाइप करायचे, आणि ते नाव पडद्यावरून जायचं. काही जण हसायचे, काही जण टोपी काढायचे. एकाने तर आपल्या वारलेल्या मायचं नाव सांगितलं. आयुष्यात ते कुठेच लिहिलं गेलं नव्हतं म्हणे.

रांग अंगणापर्यंत गेली. उकाडा होत होता, मला घाई झाली. मी ताईला हळूच म्हटलं, "जरा वेग वाढवते, नाही तं संध्याकाळ होईन."

ताई मान वळवून पडद्याच्या कडेकडे पाहत होती. तिने माझा हात कळफलकावरून उचलून बाजूला ठेवला.

"होऊ दे," ती म्हणाली. "कोनाचंच नाव पळवायचं नाही."